आधीचा आवाज

गाण्याचा एक ट्रॅक संगणकावर वाजतो आहे. त्यावर इक्वलायझर लावलेला आहे आणि त्याच्या खिडकीच्या कोपऱ्यात 'ए' आणि 'बी' अशी दोन अक्षरं आहेत. 'ए'मध्ये गायिकेच्या आवाजातला खालचा घुमारा थोडा कमी केलेला आहे, 'बी'मध्ये तो तसाच ठेवून वरच्या अंगाला उजाळा दिलेला आहे. गाणं न थांबवता, ओळ न तोडता, या मांडणीवरून त्या मांडणीवर जाता येतं आणि परतही येता येतं. आज घरातल्या खोलीत साध्या संगणकावर ध्वनिमुद्रण करणाऱ्यालाही ही सोय इतकी सहज मिळते की ती कधी काळी नव्हती, हे मनातही येत नाही. इक्वलायझरचा इतिहास सांगणारेही तिच्यापाशी फारसे थांबत नाहीत. तो इतिहास बहुधा वाढत्या सामर्थ्याचा म्हणून सांगितला जातो: आधी दोन नॉब होते, मग सहा झाले, मग हवी ती कंप्रता निवडता येऊ लागली, मग पडद्यावरची वक्ररेषा माउसने ओढता येऊ लागली. या कथनात मला एक मोठी गोष्ट सुटलेली दिसते. आवाज बदलण्याचं सामर्थ्य १९५०च्या दशकातच भरपूर होतं. पुढची तीस-चाळीस वर्षं जे हाती लागत नव्हतं ते म्हणजे बदललेला आवाज बाजूला ठेवून आधीच्या आवाजाकडे नेमकं परत जाणं. स्टुडिओतली कितीतरी यंत्रं आणि कामाच्या कितीतरी रीती या एका उणिवेभोवती घडल्या. 'ए' आणि 'बी' ही अक्षरं कुठून आली हे कळायचं तर सुरुवात तिथून करावी लागते.

इक्वलायझर जन्मला तेव्हा ही उणीव कुणाला जाणवली नाही, कारण तेव्हा त्याचा आवडीनिवडीशी संबंधच नव्हता. टेलिफोनच्या तारेतून बोलणं जितकं लांब जाई तितके त्यातले उंच स्वर अधिक झिजत. शब्द पोचत, पण त्यांतले स, श, फ विरून जात आणि बोलणारा माणूस गोधडीआडून बोलतो आहे असं वाटे. १९१५ साली अमेरिकेत न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को अशी सुमारे ५,४०० किलोमीटरची टेलिफोनवाट सुरू झाली, तोवर तारेवर ठरावीक अंतराने वेटोळी आणि निर्वात नळीचे प्रवर्धक बसवून आवाज जिवंत ठेवण्याची विद्या बरीच पुढे गेली होती. १९२०च्या दशकात याच तारांवरून रेडिओचे कार्यक्रम एका शहरातून दुसऱ्या शहरात जाऊ लागले, आणि बोलण्यापुरती चालणारी तार संगीताला अपुरी पडू लागली. तारेने जेवढी झीज केली तेवढीच उलट भरपाई करणारं मंडल तयार करायचं, म्हणजे या टोकाला गेलेला आणि त्या टोकाला निघालेला आवाज समान होईल. 'समान करणारा' या अर्थाचं इक्वलायझर हे नाव तिथलं. बेल कंपनीच्या परिवारातल्या ऑटो झोबेल यांनी १९२८ साली अशा मंडलांचं गणित सविस्तर मांडलं. या सगळ्या कामात उत्तर एकच होतं आणि ते मापनयंत्रावर दिसत होतं. काटा सरळ आला की काम संपलं. दोन मांडण्यांपैकी कोणती बरी, हा प्रश्न तिथे संभवतच नव्हता. तो प्रश्न उत्तरं अनेक असतात तेव्हाच उभा राहतो, आणि ती वेळ इक्वलायझर टेलिफोनच्या तारेवरून संगीताच्या आणि सिनेमाच्या खोलीत आला तेव्हा आली.

१९२५ पूर्वी तबकडीवर ध्वनिमुद्रण होई ते कर्ण्यात गाऊन. त्या काळचा इक्वलायझर म्हणजे गायक आणि कर्णा यांच्यातलं अंतर. पुढे या, मागे सरा, व्हायोलिनवाल्याला जवळ घ्या, ढोलवाल्याला भिंतीपाशी बसवा. विजेवर चालणारा मायक्रोफोन आणि कोरणारी विद्युत सुई आल्यावर आवाज तारेतून जाऊ लागला आणि टेलिफोनच्या इंजिनियरांची मंडलं त्याला लावता येऊ लागली. लगेच पाठोपाठ बोलपट आला, आणि एकाच ट्रॅकवर इक्वलायझरची मांडणी सतत बदलण्याची गरज पहिल्यांदा तिथे तीव्र झाली. एका प्रसंगात एकच पात्र बोलत असतं, पण दूरच्या शॉटमध्ये मायक्रोफोन डोक्यावर उंच असतो आणि जवळच्या शॉटमध्ये तोंडाशी. एकामागोमाग जोडलेल्या दोन वाक्यांचा पोत वेगळा येतो. पहिल्या वाक्याला जुळेल अशी मांडणी दुसऱ्याला विपरीत ठरते, आणि कापणी दर दोन-तीन सेकंदांनी असेल तर मिक्सिंगला बसलेल्या माणसाचे हात तेवढ्या वेगाने फिरू शकत नाहीत. यावर संवाद-संपादकांनी काढलेली तोड मला या साऱ्या इतिहासातली कळीची वाटते. त्यांनी ट्रॅकच फोडला. या कोनातली वाक्यं एका ट्रॅकवर, त्या कोनातली दुसऱ्या ट्रॅकवर, मध्ये कोरी फीत. कागदावर आखणी पाहिली तर सोंगट्यांच्या पटासारखी एकाआड एक घरं भरलेली दिसत. प्रत्येक ट्रॅकला स्वतःचा इक्वलायझर, आधीच लावून ठेवलेला. मिक्सिंग करणाऱ्याने काहीच फिरवायचं नाही. इक्वलायझरला दोन गोष्टी लक्षात ठेवता येत नव्हत्या, म्हणून इक्वलायझरच दोन ठेवले. पुढे १९६०-७०च्या दशकांत अनेक ट्रॅकच्या टेपवर गाणी होऊ लागली तेव्हा तीच युक्ती संगीतात आली. टेपवरचा गायनाचा एक ट्रॅक पॅचच्या वायरीने कन्सोलच्या दोन चॅनेलांत न्यायचा, एकावर कडव्याची मांडणी, दुसऱ्यावर ध्रुपदाची, आणि वेळ येईल तसा एक बंद करून दुसरा उघडायचा. लक्षात ठेवण्याचं काम तेव्हा लोखंडाच्या आणि तांब्याच्या दुसऱ्या प्रतीने केलं, आणि ती प्रत महाग होती.

बदलण्याचं सामर्थ्य याच सुमारास किती पुढे गेलं होतं ते पाहण्यासारखं आहे. १९५१ साली अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये जीन शेंक आणि ऑली समरलँड या दोघांनी पल्टेक नावाचा इक्वलायझर बाजारात आणला. त्यात खालच्या अंगाला एकाच कंप्रतेवर वाढवण्याचा आणि कापण्याचा असे दोन स्वतंत्र नॉब आहेत आणि ते दोन्ही एकाच वेळी फिरवता येतात. दोन्ही वक्र तंतोतंत एकमेकांवर बसत नसल्यामुळे खर्ज भरतो आणि त्याच्या लगेच वरचा चिखल साफ होतो. आजही त्या आवाजाची नक्कल करणारी सॉफ्टवेअर विकली जातात. पण मला त्या यंत्रातली दुसरी एक गोष्ट अधिक बोलकी वाटते. वेटोळी आणि संधारित्रं यांच्या निव्वळ जाळ्यातून गेलेला आवाज क्षीण होतो. पल्टेकमध्ये पुढे निर्वात नळीचा प्रवर्धक बसवून ती घट भरून काढली होती, आणि इक्वलायझर आत घेण्या-काढण्याचा खटका असा होता की तो काढला तरी आवाज त्याच रोहित्रांतून आणि त्याच प्रवर्धकातून जाई. म्हणजे 'लावल्यावर कसं' आणि 'न लावता कसं' हे जवळपास सारख्या पातळीवर ऐकता येई. तुलना प्रामाणिक व्हायची तर दोन्ही बाजूंचा जोर सारखा हवा, ही समज त्या खटक्यात आहे. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ईएमआयच्या स्वतःच्या रेड मालिकेतल्या कन्सोलवर थोडी वेगळी वाट दिसते. तिथे इक्वलायझर अदलाबदल करता येणाऱ्या पेटीच्या रूपात होता, एक 'पॉप' आणि एक 'क्लासिक'. पॉपच्या पेटीत वरची वाढ ५ किलोहर्ट्झच्या आसपास टोकदार, क्लासिकच्या पेटीत ती १० किलोहर्ट्झकडे हळुवार चढत जाणारी. संस्थेच्या सांगीतिक अभिरुचीचे दोन निर्णय पेटीबंद करून ठेवलेले. पण पेटी बदलायची म्हणजे ती उपसून दुसरी बसवायची, आणि तोवर कानातला पहिला आवाज पुसला जाणार.

या उणिवेवर सर्वांत कसोशीने उत्तर शोधलं गेलं ते लाँग प्ले तबकडी कोरण्याच्या खोलीत, आणि 'ए-बी' बटणाचे खरे पूर्वज तिथेच सापडतात असं माझं मत आहे. तबकडीची एक बाजू सुमारे वीस मिनिटांची. तिच्यावरची पाच-सहा गाणी वेगवेगळ्या दिवशी, कधी वेगवेगळ्या स्टुडिओत झालेली. प्रत्येकाला वेगळी मांडणी हवी. ॲल्युमिनियमच्या चकतीवरच्या लॅकरमध्ये सुई पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत न थांबता खाच कोरत जाते. ही खाच कोरणारं यंत्र, म्हणजे लेद, मध्येच थांबवला तर ती चकती वाया. दोन गाण्यांमधली शांतता काही सेकंदांची, आणि तेवढ्यात दोन्ही चॅनेलांचे आठ-दहा नॉब बिनचूक नव्या जागी नेणं कुणाच्या हातचं नाही. म्हणून चांगल्या मास्टरिंग खोल्यांतल्या कन्सोलमध्ये इक्वलायझरचे दोन संच ठेवले जात. पहिलं गाणं 'ए' संचातून जात असताना कोरणारा दुसऱ्या गाण्याची मांडणी 'बी' संचावर लावून ठेवी. मधली शांतता आली की एक खटका. मग दुसरं गाणं 'बी'मधून चालू असताना 'ए' संच तिसऱ्या गाण्यासाठी रिकामा. वीस मिनिटं हा पाठशिवणीचा खेळ चाले, समोर कागदावर प्रत्येक गाण्याच्या जागा लिहिलेल्या असत.

त्या खोलीतली आणखी एक अडचण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण त्यातून या सोयीची खरी किंमत कळते. खाच किती रुंद होणार हे त्या क्षणीच्या आवाजावर अवलंबून असतं. खर्ज मोठा असेल तर सुई अधिक हलते आणि शेजारच्या खाचेत घुसण्याची भीती असते. म्हणून येणारा आवाज लेदला थोडा आधी कळावा लागतो. त्यासाठी टेप मशीनवर एक आगाऊ वाचणारं हेड असे, जे तबकडीच्या एका फेऱ्याच्या हिशेबाने, म्हणजे ३३⅓ फेऱ्यांच्या गतीला १.८ सेकंदांच्या आसपास, पुढचा आवाज ऐकून लेदला खाचांमधलं अंतर ठरवू देई. पण लेदला जो आवाज आगाऊ कळणार तो प्रत्यक्ष कोरल्या जाणाऱ्या आवाजासारखाच असायला हवा, म्हणजे इक्वलायझर त्या वाटेवरही तसाच्या तसा लागायला हवा. हिशेब करून पाहा: डावा-उजवा असे दोन चॅनेल, प्रत्यक्ष आणि आगाऊ अशा दोन वाटा, 'ए' आणि 'बी' असे दोन संच. पूर्ण सोय हवी तर एकेका इक्वलायझरच्या आठ प्रती. आणि या आठही प्रती एकमेकांशी जुळायला हव्यात, म्हणून या खोल्यांतले नॉब सुळकन फिरणारे नसत. खट-खट करत ठरावीक पायऱ्यांवर थांबणारे असत. तिसरी पायरी म्हणजे तिसरीच पायरी, आजही आणि सहा महिन्यांनी पुन्हा लॅकर कोरायची वेळ आली तेव्हाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून जवारी लावतो तेव्हा घासलेलं हाड परत येत नाही, पण तारेखालचा दोरा मात्र हवा तेवढा सरकवून पुन्हा जागेवर आणता येतो. मास्टरिंग करणाऱ्यांनी इक्वलायझरचं सारं काम घासण्याकडून दोऱ्याकडे आणण्याचा प्रयत्न केला, असं म्हणता येईल.

हे ध्यानात घेतलं की १९७२ची घटना वेगळी दिसू लागते. त्या वर्षी जॉर्ज मॅसनबर्ग यांनी ऑडिओ इंजिनियरिंग सोसायटीच्या अधिवेशनात पॅरामेट्रिक इक्वलायझरवरचा निबंध मांडला. कंप्रता, वाढ-घट आणि वक्राची रुंदी या तिन्ही गोष्टी एकमेकींना धक्का न लावता सलग फिरवता येतील, असं ते मंडल होतं. आज सॉफ्टवेअरमधले बहुतेक इक्वलायझर त्याच कल्पनेवर चालतात, आणि तिचा गौरव होतो तो योग्यच आहे. पण परत जाण्याच्या दृष्टीने पाहिलं तर हे पाऊल उलटं पडलं होतं. पायऱ्यांच्या स्विचवर 'तिसरी पायरी' असं लिहून ठेवता येतं. सलग फिरणाऱ्या नॉबवर '२.४च्या थोडं पुढे' यापलीकडे काही लिहिता येत नाही. नॉबांची संख्या वाढली, प्रत्येकाच्या जागा अगणित झाल्या, आणि कन्सोल २४ चॅनेलांवरून ४८वर गेला तेव्हा एका मिक्समध्ये लक्षात ठेवायच्या जागा शेकड्यांवर गेल्या. सामर्थ्य वाढलं आणि त्याच मापाने विस्मरण वाढलं. स्टुडिओतल्या सहायकाच्या कामाचा मोठा भाग मग छापील आकृत्यांवर नॉबांच्या जागा पेन्सिलीने उतरवून घेणं हा झाला. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात नीव्ह कंपनीची नेकॅम ही यंत्रणा आली; ती फेडर आपोआप हलवी, पण इक्वलायझरच्या नॉबांना हात लावत नसे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सॉलिड स्टेट लॉजिकच्या कन्सोलवर टोटल रिकॉल नावाची सोय आली. संगणक प्रत्येक नॉबची जागा नोंदवून ठेवी आणि नंतर पडद्यावर दाखवी. नॉब मात्र माणसानेच, एकेक करून, पडद्यावरची खूण जुळेपर्यंत फिरवायचा. त्या काळाच्या मानाने ही फार मोठी मदत होती. तरी तिने आधीचा आवाज परत मिळे तो काही तासांनी, आणि तोही जवळपास तसा.

खरा बदल झाला तो मांडणी म्हणजे आकडे झाल्यावर. १९८७ साली यामाहाच्या डीएमपी७ या अंकीय मिक्सरमध्ये संपूर्ण मिक्सची स्थिती मेमरीत साठवून परत बोलावता येऊ लागली, तीत इक्वलायझरही आला. १९९२ साली इस्रायलच्या वेव्हज कंपनीने क्यू-१० हा दहा पट्ट्यांचा इक्वलायझर सॉफ्टवेअरच्या रूपात आणला, १९९६ साली स्टाइनबर्गने व्हीएसटी ही प्लग-इनची पद्धत खुली केली, आणि पुढच्या काही वर्षांत दोन मांडण्या शेजारी ठेवून त्यांत अदलाबदल करण्याचं बटण इक्वलायझरच्या खिडकीत नेहमीचं होऊन बसलं. प्रो टूल्स आणि लॉजिकसारख्या कार्यक्रमांत 'कंपेअर' या नावानेही ते आलं. हे इतक्या सहज का शक्य झालं ते इक्वलायझरच्या अंकीय पोटात डोकावलं की कळतं. एक साधा पट्टा म्हणजे पाच गुणांक. आत येणारा नमुना, त्याच्या आधीचे दोन, आणि बाहेर गेलेले मागचे दोन, यांना त्या पाच आकड्यांनी गुणून बेरीज करायची. हे सेकंदाला ४४,१०० वेळा. सहा पट्ट्यांचा पूर्ण इक्वलायझर म्हणजे फक्त तीस आकडे. कोरणाऱ्या खोलीत ज्यासाठी लोखंडाच्या आठ प्रती लागत, ते इथे एका ओळीत मावतं.

पण आकडे बदलले म्हणजे आवाज शांतपणे बदलला असं होत नाही, आणि या जागी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना जुनाच धडा पुन्हा गिरवावा लागला. नव्या गुणांकांना मागचे नमुने जुन्या मांडणीतून आलेले मिळतात, हिशेब क्षणभर बिनसतो, आणि कानाला 'टक्' ऐकू येतं. ते टाळण्याचा एक उपाय म्हणजे आकडे हळूहळू सरकवणं. दुसरा म्हणजे दोन्ही इक्वलायझर एकाच वेळी चालू ठेवून काही हजारांश सेकंदांत एक उतरवणं आणि दुसरा चढवणं. म्हणजे सफाईने बदल हवा तर पुन्हा दोन प्रती! तिथेही सावध राहावं लागतं: दोन वेगळ्या मांडण्यांतून गेलेल्या आवाजांच्या लाटा किंचित पुढेमागे सरकलेल्या असतात, त्यामुळे मधल्या क्षणी जे ऐकू येतं ते दोघांच्या मधलं नसून काही स्वर खाल्ला गेलेला तिसराच आवाज असू शकतो. म्हणून तो क्षण लहान ठेवायचा. ज्या इक्वलायझरमध्ये लाटा सरकू नयेत म्हणून सगळा आवाजच थोडा उशिरा सोडला जातो, त्याची सांगड साध्या मांडणीशी घातली तर अदलाबदल करताना ताल उडी मारतो. या बारकाव्यांमुळेच पुष्कळ जाणकार आजही एका ट्रॅकवर दोन इक्वलायझर बसवून आळीपाळीने बंद-चालू करतात, किंवा ट्रॅकच कापून दोन ट्रॅकवर विभागतात. सोंगट्यांचा पट मांडणाऱ्या संवाद-संपादकांची ती युक्ती संगणकातही जशीच्या तशी टिकली आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की तुलना काही नवी नाही; इक्वलायझर आत-बाहेर करण्याचा खटका तर पल्टेकलाही होता. तो होता, आणि वर मी त्याची तारीफही केली आहे. पण तो खटका एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: काही केलं हे, काही न करण्यापेक्षा बरं आहे का. कारागिराचा खरा प्रश्न पुढचा असतो. गायिकेच्या आवाजातला कर्कशपणा ३ किलोहर्ट्झला कापून घालवावा, की खालचं अंग भरून तो झाकावा? दोन्ही उपाय 'काही न करण्यापेक्षा' बरेच ठरतात. त्यांच्यात निवड करायची तर दोन्ही पूर्ण तयार स्थितीत, एकमेकांना लागून ऐकायला हवेत. ऐकण्याची ताजी स्मृती फार थोडा वेळ टिकते. पोताचे सूक्ष्म फरक काही सेकंदांत निसटतात आणि मागे राहतं ते आपण त्यांच्याविषयी मनात केलेलं वर्णन. ध्वनिशास्त्रज्ञांना हे लवकर कळलं होतं. बेल प्रयोगशाळेतल्या मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० सालीच 'ए', 'बी' आणि ओळखायचा अनोळखी 'एक्स' अशी चाचणी वर्णन केली. आज आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या श्रवणचाचण्यांच्या शिफारशीही ऐकणाऱ्याला हवं तेव्हा क्षणात अदलाबदल करता यावी, यावर भर देतात. प्रयोगशाळेने जे निकोप निर्णयासाठी आवश्यक मानलं ते स्टुडिओच्या रोजच्या कामाला मिळायला आणखी चार दशकं लागली.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. ज्यांना ही सोय नव्हती त्यांनी अजरामर काम केलं. मुंबईतच पाहा. एका ट्रॅकवर, सारे वादक एका वेळी वाजवत असताना झालेली चित्रपटगीतं. शांतारामबापूंनी १९४२ साली उभारलेल्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई यांनी केलेलं मिक्सिंग, ज्याच्या ओढीने सत्यजित राय आपले चित्रपट कोलकात्याहून तिथे आणत. त्यांना कुठलं 'ए-बी' होतं? मला वाटतं, त्या कामाकडे नीट पाहिलं तर तुलना त्यातही भरपूर होती, फक्त ती मुद्रणाच्या आधी होई. तालमीमागून तालीम चाले, व्हायोलिनांची रांग मागे नेली जाई, ढोलकवाल्याची जागा बदले, गायिका मायक्रोफोनपासून वीतभर दूर सरके, आणि संगीतकार व रेकॉर्डिस्ट प्रत्येक वेळी आधीच्या तालमीशी ताडून पाहत. आवाज घडवण्याचं साधन जागा आणि माणसं हे होतं, आणि माणसांना 'पुन्हा मघासारखं' असं सांगता येतं. एका दृष्टीने तेच परत जाणं होतं. एकेका वाद्याचा आवाज आधी मुद्रित करून त्याचं रूप नंतर ठरवायचं, ही पद्धत आली तेव्हा ती सोय गेली आणि तिच्या जागी यंत्राला आठवण असण्याची गरज आली. त्या थोरांनी तुलनेवाचून काम केलं, असा निष्कर्ष काढणं म्हणजे त्यांच्या तालमींचा विसर पडणं आहे.

तिसरी शंका मात्र मी पूर्णपणे मान्य करतो, कारण ती या बटणाच्या वापरावर नेमकं बोट ठेवते. क्षणात अदलाबदल केली की जिंकतं ते बहुधा अधिक मोठं असलेलं रूप. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवलं की आवाज चढवला की खर्ज आणि वरची टोकं कानाला प्रमाणाबाहेर भरून येतात. इक्वलायझरने काही वाढवलं की एकूण पातळीही वाढते, आणि डेसिबलभर जास्त असलेली 'बी' मांडणी 'अधिक स्वच्छ', 'अधिक जवळची' वाटू लागते. आंधळ्या चाचण्या करणारे म्हणूनच दोन्ही बाजूंची पातळी डेसिबलच्या दहाव्या हिश्शापर्यंत जुळवून घेतात. दोन्ही बाजू जाणूनबुजून जवळ आणल्या तर काय होतं, त्याचं जुनं उदाहरण म्हणजे एडिसन कंपनीच्या १९१५ पासूनच्या जाहीर 'टोन टेस्ट'. रंगमंचावर गायिका गाई, मध्येच ओठ मिटून थांबे आणि फोनोग्राफ तेच गाणं पुढे चालवी. १९१६ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही हा प्रयोग झाला आणि श्रोते थक्क झाले. या प्रयोगांत गाणाऱ्या ॲना केस यांनी पुढे सांगितलं की त्या आपला आवाज यंत्राच्या आवाजाला जुळेल इतका आवरून गात. अदलाबदल झटपट होती, निर्णय मात्र चुकीचा होता. पातळी न जुळवता 'ए' आणि 'बी'मध्ये उड्या मारणारा आजचा मिक्सिंग करणारा त्याच सापळ्यात सापडतो. काही इक्वलायझरमध्ये पातळी आपोआप सांभाळण्याची सोय आली आहे ती म्हणूनच, आणि पल्टेकच्या दोघा कर्त्यांनी १९५१ साली प्रवर्धक लावून जे साधलं त्याच्याशी तिचं सरळ नातं आहे. याच शंकेचं दुसरं अंग असं की दोन-दोन सेकंदांच्या तुकड्यांत जो फरक उठून दिसतो तो तीन मिनिटांच्या गाण्यात थकवणारा ठरू शकतो. तेव्हा उपाय तुलना सोडण्याचा नाही. आधी झटपट ऐकून फरक ओळखावा, मग प्रत्येक मांडणीत गाणं पूर्ण ऐकावं, आणि या दुसऱ्या फेरीसाठीही दोन्ही मांडण्या जशाच्या तशा शाबूत राहायला हव्यात.

त्या किती काळ शाबूत राहतील, हा प्रश्न आता पुढे आला आहे. पेन्सिलीने भरलेली जुनी आकृती आजही वाचता येते आणि तसाच कन्सोल मिळाला तर नॉब त्या जागी नेता येतात. संगणकातले तीस आकडे वाचायला मात्र तेच सॉफ्टवेअर, त्याची तीच आवृत्ती आणि ती चालवणारं यंत्र लागतं. १९९०च्या दशकातली किती तरी सत्रं आज उघडतात ती इक्वलायझरच्या जागी रिकामी चौकट दाखवून. म्हणून अमेरिकेतल्या रेकॉर्डिंग अकॅडमीच्या निर्माते व इंजिनियरांच्या विभागाने, काम सोपवताना कोणती सामग्री द्यावी याच्या शिफारशींत, ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग ध्वनिफायलींच्या रूपात उतरवून द्यायला सांगितलं आहे, आणि महत्त्वाच्या ट्रॅकची प्रक्रिया केलेली व न केलेली अशी दोन्ही रूपं. गायिकेचा तोच ट्रॅक, एका फायलीत इक्वलायझरसह आणि दुसरीत त्याच्याविना, शेजारी शेजारी ठेवलेला.